मास्तर, ते वाक्य मी बदललं होतं

मास्तर, त्या दिवशी स्टेजवर तुमच्या शेजारी उभी राहून मी मराठीत नेमकं काय म्हणाले, हे तुम्ही मला निदान दहा वेळा विचारलं असेल. दर वेळी मी सांगितलं, आता आठवत नाही. ते खोटं होतं. मला त्यातला शब्दन् शब्द आठवत होता आणि अजूनही आठवतो. तुम्हाला जाऊन बावीस दिवस झाले. आता सांगून कुणाला काय उपयोग, असं माझा नवरा सुहास म्हणतो, आणि त्याचं काही चूक नाही. पण परवाच्या शनिवारी जे झालं ते तुमच्या कानावर घातल्याशिवाय मला चैन पडणार नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

इथल्या पेपरात तुमच्यावर दोन परिच्छेद आले. इटलीतलं जन्मगाव, नाटकांची संख्या, मागे एक मुलगी. खाली ‘विनोदी नाटककार आणि नट’ असं लिहिलंय. तुम्ही तो पेपर सरळ परत पाठवला असता. मला वात्रट म्हणा, आगाऊ म्हणा, पण विनोदी म्हणू नका, विनोदी माणसाला लोक जेवायला बोलावतात, असं तुमचं म्हणणं. तुम्हाला कुणी जेवायला बोलावलं की तुम्ही जायचात मात्र न चुकता, आणि घरी येऊन यजमानांच्या नकला करायचात. आमच्या घरच्याही केल्या असतील. तुमच्या मुलीला, ज्युलियाला, विचारलं तर ती नुसती हसते.

क्युपर्टिनोच्या लायब्ररीत तुमचा वर्ग असायचा. मी तिथे आले ती इटालियनच्या प्रेमापोटी नव्हे. कुंभारकामाच्या वर्गात जागा उरली नव्हती, म्हणून. नागपूरला मी कॉलेजात फिजिक्स शिकवत होते आणि इथे मी सुहासच्या व्हिसावर आलेली त्याची बायको होते, जिला नोकरी करायची परवानगी नव्हती. लग्नाचा दाखला पासपोर्टला जोडला आणि माझी एम.एस्सी. कपाटात गेली. पहिल्या दिवशी तुमच्या वर्गात चौदा जण होते, चौथ्या आठवड्यात तीन राहिले, कारण तुम्ही हॉटेलात कॉफी कशी मागायची ते शिकवतच नव्हतात. तुम्ही शिकवत होतात कारकुनाची मनधरणी कशी करायची, पोलिसाला खोटं कसं सांगायचं, आणि घरमालक दारात आला की आजारी कसं पडायचं. तुम्ही फळ्यावर लिहिलेलं पहिलं वाक्य होतं, ‘साहेब, माझी फाइल तुमच्याच टेबलावर आहे.’ मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. बाकीचे माझ्याकडे बघायला लागले. तुम्ही खडू खाली ठेवलात आणि म्हणालात, हिला ही भाषा आधीपासून येते, फक्त शब्द शिकवायचे आहेत.

तेव्हापासून तुम्ही मास्तर. तुम्ही वयाने माझ्या वडिलांहून मोठे, तुम्हाला नावाने हाक मारणं माझ्या जिभेला जमलं नसतं. तुमच्याकडे कलावंताला मानाने ‘माएस्त्रो’ अशी जी हाक मारतात तिच्या हा शब्द इतका जवळचा निघाला की तुम्ही खूश झालात. माझी पदवी भारतातून आली, असं लोकांना सांगायचात.

तुमची गोष्ट मला तुकड्यातुकड्यांनी कळली, सांता क्लाराच्या तुमच्या घरात, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी. तुमच्या गावात तुम्ही ट्रकच्या फळीवर उभं राहून, कारखान्याच्या फाटकाशी, चौकात, बाजाराच्या दिवशी नाटकं केलीत. नगरपालिकेने दोनदा दंड केला. चाळिशी उलटल्यावर तुम्ही इकडे मामांकडे आलात, ते या खोऱ्यात जर्दाळू डबाबंद करायच्या कारखान्यात होते. आज जिथे आमच्या कंपन्यांच्या काचेच्या इमारती आहेत तिथे तेव्हा फळबागा होत्या, हे तुम्ही इतक्या वेळा सांगितलंत की सुहास ऑफिसला निघाला की मी म्हणायची, चालला जर्दाळू खुडायला.

त्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत तुम्ही पुन्हा नाटक सुरू केलंत. कामगार पोर्तुगीज, मेक्सिकन, कुणाला इटालियन येत नव्हतं. मग त्यांच्यातलाच एक जण शेजारी उभा राहून वाक्यावाक्याला अर्थ सांगायचा. त्यातूनच तुमचा नाटकाचा प्रकार जन्माला आला: स्टेजवर दोन माणसं, एक तुम्ही आणि एक दुभाषी. इंग्रजीत करा म्हटलं तर चिडायचात. इंग्रजीत मी फॉर्म भरतो, म्हणायचात. प्रयोगाच्या दिवशी सकाळी पेपर वाचून संहिता बदलायचात, त्यामुळे पक्की संहिता अशी कधी राहिलीच नाही. प्रेक्षागृहातले दिवे चालूच ठेवायचे, हा नियम. समोरचा माणूस दिसला नाही तर मी कुणाशी बोलतोय, हे तुमचं म्हणणं.

आणि हशाबद्दलची तुमची ती शिकवण. बोचणारं वाक्य नीट लागलं की हशा लगेच येत नाही. आधी क्षणभर शांतता होते, कारण माणसं शेजारी बघतात, कुणाला लागलं ते बघतात, आणि मगच हसतात. ती शांतता म्हणजे आपली मजुरी, असं तुम्ही मला टेबलावर बोटांनी ताल धरून शिकवलंत. दुभाष्याने नटाकडे बघायचं नाही, प्रेक्षकांकडेच बघायचं, हेही तेव्हाच शिकवलंत.

आता डॉक्टरकाका. तुम्ही त्यांना ‘तुझे ते दारवान’ म्हणायचात. तुम्हाला ते कधी नीट कळलेच नाहीत असं मला वाटायचं, म्हणून पुन्हा सांगते. आम्ही इथे उतरलो तेव्हा ठरवलेलं अपार्टमेंट ऐनवेळी हातचं गेलं. ओळख ना देख, डॉक्टरकाका आम्हाला एअरपोर्टवरून घरी घेऊन गेले आणि पाच आठवडे ठेवून घेतलं. काकूंनी मला ड्रायव्हिंग शिकवलं. सईच्या वेळी आई येऊ शकली नाही, तर डिंकाचे लाडू काकूंनी केले, बाळाला पहिली आंघोळ त्यांनी घातली. काका इथल्या मराठी मंडळाचे प्रेसिडेंट होते, निवृत्तीला आले होते, आणि खोऱ्यात कुणाही मराठी माणसाला रात्री-अपरात्री छातीत दुखलं तर फोन त्यांनाच जायचा.

त्याच काकांकडे आम्ही सात-आठ जणी एकदा गेलो. सगळ्या माझ्यासारख्याच, घरात बसवलेल्या. एक दातांची डॉक्टर, एक आर्किटेक्ट, एक वकील. आमच्यासारख्या बायकांना काम करू द्यावं असं सरकारला एक पत्र आम्ही तयार केलं होतं, आणि दिवाळीच्या कार्यक्रमात ते सह्यांसाठी मंडळाच्या टेबलावर ठेवू द्या, एवढीच आमची मागणी होती. काकांनी आम्हाला चहा दिला, आणि अगदी मायेने म्हणाले, “हे बघा गं मुलींनो, मंडळ ही कल्चरल ऑर्गनायझेशन आहे. पॉलिटिक्समध्ये आपण नको पडायला. आणि खरं सांगू का, आम्हीपण लाइनमधूनच आलो. पेशन्स ठेवा.”

आता हेच काका दर गणपतीला रंगवून सांगायचे की तेव्हा इथे डॉक्टर हवेच होते, त्यामुळे त्यांचं ग्रीन कार्ड मुंबईत विमानात बसायच्या आधीच हातात होतं. आम्ही मान खाली घालून चहा प्यालो आणि घरी आलो. दुसऱ्या दिवशी मी ते तुम्हाला सांगितलं, गंमत म्हणून सांगायला लागले आणि मधेच रडू आलं. तुम्ही पेपर ओढलात आणि त्याच्या कडेच्या कोऱ्या जागेत लिहायला लागलात. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं की हे अंगाशी येणार आहे.

मंडळाच्या दिवाळीत प्रयोग करा, हे आमंत्रण तुम्हाला काकांनीच दिलं होतं, आपल्या वैशालीचे इटालियन गुरुजी म्हणून. तुम्ही तुमचं स्वर्गाच्या दाराचं जुनं नाटुकलं काढलंत. रांगेत वाट बघता बघता एक माणूस मरतो आणि वर जातो, तर तिथेही रांग. खिडकीत बसलेला संत त्याच्याकडे फॉर्म मागतो. त्यात तुम्ही नवा प्रवेश घातलात. दाराच्या आत एक सज्जन गृहस्थ दाराला पाठ लावून उभे आहेत. बाहेरचे म्हणतात, काका, जरा बाजूला व्हा, दार उघडत नाही. गृहस्थ म्हणतात, आम्हीपण रांगेतूनच आलो. संत विचारतो, तुमच्या वेळी रांगेत कोण होतं? गृहस्थ म्हणतात, मी. आणि तुमच्या पुढे? माझी बॅग.

तालमीत तुम्ही मला विचारलंत, म्हणशील ना? मी म्हटलं, म्हणेन. तालमीत म्हटलंही, चांगलं ठणठणीत.

रविवारची दुपार. शाळेचं सभागृह, मागे वडे तळल्याचा वास, लहान मुलं पॅसेजमध्ये पळतायत. दिवे बंद करायला एक स्वयंसेवक तीनदा गेला आणि तुम्ही तीनदा ते लावायला लावलेत. पहिल्या रांगेत मधोमध काका आणि काकू. काकूंनी मला बघून हात हलवला. अर्धा तास सगळं छान चाललं. मग तो प्रवेश आला, तुम्ही दाराला पाठ लावून उभे राहिलात, आणि मास्तर, तुम्ही काकांना दोनदाच भेटला होतात पण उभे राहिलात तंतोतंत काकांसारखे, हात मागे बांधून, टाचांवर किंचित डुलत. तुम्ही तुमचं वाक्य म्हणालात. मी नियमाप्रमाणे समोर बघितलं. समोर काका होते, चेहरा उत्सुक, हसायला तयार.

मी म्हटलं, “गृहस्थ म्हणाले, अहो मी दार उघडतोच आहे, पण बिजागरी गंजली आहे.”

लोक हसले, ताबडतोब. तुम्हाला हवी होती ती शांतता आली नाही आणि तुम्हाला कळलं. मराठीचा एक शब्द येत नसताना कळलं. तुम्ही माझ्याकडे न बघता तेच वाक्य पुन्हा म्हणालात, सावकाश, प्रत्येक शब्द सुटा करून. मी म्हटलं, “गृहस्थ म्हणाले, थांबा, काकूंना विचारून सांगतो.” सगळं सभागृह खो-खो हसलं. काका मांडीवर हात मारून हसत होते. तुम्ही वळलात, सरळ माझ्या डोळ्यांत बघितलंत आणि तिसऱ्यांदा म्हणालात. लोकांना वाटलं, हाही नाटकाचाच भाग, आणि ते श्वास रोखून माझ्याकडे बघायला लागले. तेवढ्या वेळात मी खरं वाक्य म्हणू शकले असते. तेवढा वेळ मला तुम्ही दिला होतात. मी म्हटलं, “गृहस्थ म्हणाले, आलाच आहात तर आधी चहा घ्या.”

त्या दिवसातला सगळ्यात मोठा हशा तो. आजही मंडळात कुणीतरी आठवण काढतं. झालं, सांगितलं. गंजलेली बिजागरी, काकूंना विचारणं आणि चहा. तीन वेळा तेच वाक्य म्हणालात आणि तिन्ही वेळा मी पळाले.

नंतर काकांनी तुम्हाला शाल आणि नारळ दिला. तो नारळ तुम्ही कधी फोडला नाहीत, शेगडीवरच्या फळीवर ठेवलात आणि आल्यागेल्याला दाखवायचात की एका अधिकाऱ्याने मला कापड आणि दगड दिला. पार्किंग लॉटमध्ये मात्र तुम्ही गप्प होतात. सात वर्षांची सई गाडीत मागे बसली होती, तिने विचारलं, “मॉम, इज ही मॅड ॲट यू?” मी म्हटलं, नाही बाळा, दमलेत. तेव्हा तुम्ही म्हणालात, “आज लोक खूप हसले. पण एकानेही शेजारी बघितलं नाही. तू काय म्हणालीस?” मी म्हटलं, तुम्ही म्हणालात तेच. सईला इटालियन येत नव्हतं, हे माझं नशीब.

आपलं खरं भांडण पंधरा दिवसांनी झालं, तुमच्या स्वयंपाकघरात. वाक्य मी बदललं, एवढं तुम्ही ओळखलंच होतं. तुम्ही म्हणालात, जो माणूस समोर नाही त्याची टर उडवणं ही चहाडी. त्याच्या तोंडावर म्हटलं तर तो उठून जाईल, भांडेल, नाहीतर बदलेल, पण निदान त्याला काहीतरी करता येईल. मी म्हटलं, ज्यांच्या घरचं मीठ खाल्लं त्यांना भर सभेत कानकोंडं करायचं हे आमच्यात बसत नाही. तुम्ही म्हणालात, मीठ खाल्लंस म्हणूनच तुझा हक्क. मी म्हटलं, हे तुम्हाला सोपं आहे, तुमचं इथे कुणी नाही. मग मला आणखी काही सुचेना आणि मी तुमच्या भावाचं नाव काढलं.

बेप्पेची गोष्ट तुम्ही मला विश्वासाने सांगितली होती. थोरला भाऊ, वडील गेल्यावर तुम्हाला वाढवलेला, पुढे गावातल्या कारखान्यात मुकादम झालेला. संपाच्या दिवसांत तुम्ही फाटकाशी मुकादमाची सोंगं केलीत आणि त्याची चाल घेतलीत. तो पुढेच उभा होता. कामगारांनी ओळखलं. तो घरी गेला आणि मरेपर्यंत तुमच्याशी बोलला नाही. तुमची पत्रं न फोडता परत यायची. मी त्या दिवशी म्हटलं, “बेप्पेला सांगितलंत ना तोंडावर? मग काय मिळालं?”

तुम्ही उठलात आणि कप विसळायला लागलात. दोनच कप होते, ते तुम्ही किती वेळ विसळत होतात. मी पर्स उचलून निघाले. मास्तर, आयुष्यात बोललेलं एक वाक्य परत घेता येईल असं कुणी म्हणालं, तर मी ते घेईन. स्टेजवरचं नव्हे.

आठ महिने आपण बोललो नाही. मग काही वर्षं गेली, कायदा बदलला, आमच्यासारख्या बायकांना कामाची परवानगी मिळाली. ती बातमी मला सुहासच्या आधी तुम्ही फोन करून दिलीत, पहाटेचा पेपर वाचून. तोवर आपण पुन्हा शनिवारी भेटायला लागलो होतो, माझे लाडू तुम्हाला फार गोड आणि तुमची कॉफी मला फार कडू, पण तो विषय आपण बाजूनेच ओलांडायचो. अधूनमधून तुम्ही एकदम विचारायचात, तेव्हा काय म्हणाली होतीस? आणि मी म्हणायची, आठवत नाही हो. मला नोकरी लागली, सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायची. तुम्हाला त्याची फार मजा वाटायची. चुका शोधायचा पगार मिळतो आणि तरी कुणी हाकलत नाही, असं म्हणायचात.

पक्षाघाताने तुमचं इंग्रजी नेलं आणि इटालियन ठेवलं. तुम्ही म्हणालात, बरं झालं, फॉर्म भरायचे संपले. रिहॅबमध्ये ज्युलिया सकाळी यायची आणि ऑफिस सुटल्यावर मी, तुमचं बोलणं नर्सला सांगायला. एका संध्याकाळी सूप आलं. तुम्ही एक चमचा घेतलात आणि म्हणालात, या सुपाने आजवर चार पोप मेले असतील. नर्स माझ्याकडे बघत होती. मी तिला सांगितलं, ते म्हणतायत, जरा गरम आहे. ती बिचारी फुंकर घालायला लागली. तुमचा अर्धाच चेहरा हलत होता, त्या अर्ध्याने तुम्ही हसलात. ती गेल्यावर म्हणालात, “तू पुन्हा तेच केलंस.”

मी मान खाली घातली. मग तुम्ही खिडकीकडे बघत म्हणालात, “माझ्या आणि बेप्पेच्या मधे तुझ्यासारखी कुणीतरी उभी हवी होती.”

मास्तर, तेव्हाच सांगायला हवं होतं. बिजागरी, काकू, चहा, सगळं. तुम्ही हसला असतात, निदान त्या चहाला तरी. पण गोळ्या घेऊन माणूस आला, तुम्हाला कुशीवर वळवायचं होतं, आणि मी उद्या येते म्हणून निघाले. पुढच्या वेळी आले तेव्हा इटालियनही राहिलं नव्हतं.

तर शनिवार. ज्युलियाने लायब्ररीच्याच हॉलमध्ये सभा ठेवली. प्रार्थना नको, भाषणं नकोत, बाबांची नाटुकली करूया, म्हणाली. कारखान्यातले दोन म्हातारे आले होते, लायब्ररीतल्या बायका, तुमचे जुने विद्यार्थी, आणि आपली पंधरा-वीस मराठी माणसं. तुमच्या पेपरांच्या कडांवरून जमवलेलं स्वर्गाचं दार ज्युलिया वाचणार, मी इंग्रजीत सांगणार आणि मग मराठीत. मी घरी कागद तयार केला. कागदावर मूळ वाक्य लिहिलं, कारण काका येतील असं मला वाटलं नव्हतं. ते आता त्र्याऐंशी वर्षांचे आहेत, काकू दोन वर्षांपूर्वी गेल्या, ते फारसे बाहेर पडत नाहीत. पण सुरू व्हायच्या पाच मिनिटं आधी सून त्यांना घेऊन आली. वॉकर टेकत ते पहिल्या रांगेत येऊन बसले, मागे ऐकू येत नाही म्हणून. मला म्हणाले, “तुझा तो इटालियन फार हसवायचा गं.”

ज्युलियाने दिवे लावलेलेच ठेवले. तो प्रवेश जवळ येत होता आणि माझ्या मनात चहा तयार होता. लोकांना तोच आठवतो, तोच आवडतो, आणि समोर एक थकलेला, बायको गेलेला माणूस. आता त्यांना टोचून कुणाचं भलं होणार? ज्युलियाने वाक्य वाचलं. तिचा आवाज तुमच्यासारखा नाही, पण थांबते तुमच्यासारखीच. मी इंग्रजीत म्हटलं. मग समोर बघून मराठीत म्हटलं. आम्हीपण रांगेतूनच आलो. तुमच्या वेळी रांगेत कोण होतं? मी. आणि तुमच्या पुढे? माझी बॅग.

ती शांतता आली, मास्तर. माणसांनी शेजारी बघितलं. मग मागून कुणीतरी हसलं आणि सगळे हसले. काका हसले नाहीत. मी त्यांच्यावरून नजर काढली नाही, तुमचा नियम आहे म्हणून.

सगळं संपल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं आणि शेजारच्या खुर्चीत बसवलं. म्हणाले, “तेव्हा हे असं नव्हतं. तेव्हा काकूंना विचारून सांगतो, असं होतं. तुझी काकू घरी जाईपर्यंत हसत होती.” मी म्हटलं, हो काका, तेव्हा मी बदललं होतं. ते म्हणाले, “माझ्यावर होतं?” मी हो म्हटलं.

मला वाटलं ते उठून जातील. नाहीतर म्हणतील, पाच आठवडे ठेवून घेतलं त्याचं हे फळ. त्यांनी माझा हात धरला. मग म्हणाले, “तेव्हाच सांगायचंस गं. तेव्हा मी प्रेसिडेंट होतो. ते तुमचं लेटर मी दुसऱ्या दिवशी स्वतः नेऊन टेबलावर ठेवलं असतं, पहिली सही माझी केली असती. मला काय कळत होतं मी काय बोलतोय ते? कुणी म्हणालंच नाही कधी. आता मी काय करू, सांग.”

ते रागावले नव्हते. ते खरोखरच विचारत होते.

इतकी वर्षं मला वाटत होतं की मी त्यांचा मान राखला. मी त्यांची संधी खाल्ली, मास्तर. त्यांना बदलता आलं असतं तेव्हा मी त्यांना चहा पाजला, आणि त्याला प्रेम म्हणत राहिले. ते प्रेमही होतंच, हे मी सोडणार नाही, याच्यावर तुम्ही माझ्याशी अजून भांडू शकता. पण बेप्पेचं मी जे बोलले ते मागे घेते. तुम्ही त्याला निदान तोंडावर सांगितलंत, त्याच्या हातात काहीतरी करायचं होतं तेव्हा सांगितलंत. त्याने पत्रं फोडली नाहीत, ते त्याचं. रिहॅबमध्ये तुम्ही माझी बाजू घेतलीत आणि आता मी तुमची घेते आहे, आणि आपल्या दोघांत हे मिटवायला तुम्ही इथे नाही.

काकांची सून गाडी घेऊन आली, त्यांना उठवून वॉकरपाशी नेलं, आणि दारातून वळून ते पुन्हा म्हणाले, सांग हं मला विचार करून. मी रोज विचार करते आहे. तुम्ही असतात तर त्यांना काहीतरी म्हणाला असतात, आणि मी ते जसंच्या तसं सांगितलं असतं.